गोबरगॅसमध्ये उरलेला भात टाकला आणि शेगडीच पेटेना

प्रश्न : आमचा २ घनमीटरचा गोबरगॅस आहे, रोज ५० किलो शेण घालतो. लग्नात उरलेला भात-आमटी एकदम ओतली, म्हटलं गॅस वाढेल. आता आठ दिवस झाले, गॅस येतोय पण पेटत नाही, आणि आंबूस वास. काय करू?

उत्तर : ताई, घाबरू नका, प्लँट बिघडलेला नाहीये, त्याला अजीर्ण झालंय. भात फार लवकर आंबतो, त्यातून आम्ल तयार होतं, आणि त्या आम्लापासून मिथेन (पेटणारा वायू) बनवणारे जिवाणू हळू वाढतात, त्यामुळे आम्ल साचत जातं, मिथेन कमी होतो आणि नुसता कार्बन डायऑक्साइड येत राहतो, तो कसा पेटणार! आधी अन्न टाकणं पूर्ण बंद करा. पीएच कागदाने (आम्ल किती आहे ते रंगावरून दाखवणारा कागद) आम्ल तपासा, फार असेल तर थोडा चुना पाण्यात कालवून घाला. मग ताजं शेण आणि तेवढंच पाणी, पण थोडं थोडं, आणि येणारा गॅस बाहेर सोडून द्या (जवळपास विडी-काडी अजिबात नको). धीर धरा, दोन-तीन आठवडे लागू शकतात.

अन्न वाईट नाही हो, उलट किलोमागे शेणापेक्षा कितीतरी जास्त गॅस देतं, पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेला अशाच खरकट्यावरच्या छोट्या प्लँटसाठी २००६ मध्ये अ‍ॅशडेन हा स्वच्छ ऊर्जेसाठीचा ब्रिटिश पुरस्कार मिळालाय. फक्त रोज एक-दोन किलोच, बारीक करून. लिंबाच्या साली, हाडं, अंड्याची टरफलं नकोत.