‘काय म्हणाले गं?’

प्रश्न : माझ्या सासूबाई कोरेगाव तालुक्यातल्या. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरचं भाषण त्या टीव्हीपुढे मन लावून ऐकतात आणि दर दोन मिनिटांनी मला विचारतात, ‘काय म्हणाले गं?’ शेजारच्या तमिळ मामींचीही तीच गत. इतक्या भाषांच्या देशात नेत्याने बोलायचं तरी कोणत्या भाषेत?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, हा प्रश्न मी सभेच्या मंचावर १५ वर्षं ऐकलाय. ठाणे-नवी मुंबईत बाहेरून येणाऱ्या वक्त्यांचं बोलणं मराठीत सांगायचं काम मी करत असे.

हिंदीला राजभाषा ठरवणारं घटनेचं कलम ३४३ सरकारी कामकाजापुरतं आहे. भाषण कोणत्या भाषेत करावं हे ते सांगत नाही. १९४७ च्या १४ ऑगस्टला मध्यरात्री नेहरू संविधान सभेत इंग्रजीत बोलले, तर १६ तारखेला लाल किल्ल्यावरून हिंदुस्थानीत. माणूस तोच, ऐकणारे वेगळे. १९९६ मध्ये कन्नडभाषक पंतप्रधान देवेगौडांनी तिथलंच भाषण हिंदीत केलं, तेही कन्नड लिपीत लिहून घेऊन. मला त्यांचं फार कौतुक वाटतं, कारण भाषेचे कष्ट बोलणाऱ्याने घेतले, ऐकणाऱ्यावर टाकले नाहीत.

आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. तुर्भ्याला बाजार आवाराजवळची एक सभा सांगते. समोर सगळे माथाडी, बहुतेक सातारा-सांगलीचे. वक्त्यांनी ‘कसे आहात?’ म्हणून टाळ्या घेतल्या आणि मग हिंदीत सात-आठ वाक्यं एका दमात बोलून माझ्याकडे पाहिलं. माझ्या वहीत घाईघाईने खरडलेले तीन शब्द होते : रेशन, पाणी, फी. तेवढं मी सांगितलं. पुढच्या रांगेतले एक काका, खांद्यावर टॉवेल, म्हणाले, ‘बाई, मधे ते हसले, ते काय होतं?’ ती हिंदीतली कोटी होती, मला मराठीत आणता आली नाही. काका मान हलवून गप्प बसले. ते मला अजून टोचतं.

देवेगौडांसारखं परक्या भाषेत बोलणं प्रत्येकाला जमणार नाही. म्हणून म्हणते, नेत्याने ज्या भाषेत विचार स्वच्छ येतो त्याच भाषेत बोलावं. पण दोन वाक्यांनंतर थांबावं आणि भाषणाचा मसुदा दुभाष्याला आदल्या रात्री द्यावा. राज्यसभेत २०१८ पासून घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, म्हणजे भाषांच्या यादीतल्या, २२ ही भाषांसाठी दुभाषे आहेत. जे खासदारांसाठी जमतं, ते सासूबाईंसाठी आणि मामींसाठी का जमू नये? हे आपण मागायला हवं, आणि हक्काने मागायला हवं.

यंदाचं भाषण मात्र दुपारी मोबाइलवर लावा, मामींनाही बोलवा. दर दोन वाक्यांनी थांबवून सासूबाईंना सांगा. मामींसाठी त्यांच्या घरातलं कुणी असेलच. आणि मधे कुणी हसलं, तर ते का हसले तेही सांगा.