'मुसॉवॉयो' की 'मुसॉवॉहेयो'? भीती नक्की कुणाला?

प्रश्न असा : 'माझ्या मैत्रिणीला भीती वाटते' याचं कोरियन 'छिन्गुगा मुसॉवॉयो' असं केलं, ते चूक का ठरलं?

कारण त्याचा अर्थ 'मला मैत्रिणीची भीती वाटते' असा झाला! 'मुसॉवॉयो'चं मूळ रूप 'मुसॉप्ता' (भीती वाटणं), आणि कोरियनमध्ये हे विशेषण. ज्याची भीती वाटते त्याला 'गा' हा कर्त्याचा प्रत्यय लागतो आणि घाबरणारा, वेगळं सांगितलं नसेल तर, बोलणाराच. तिसऱ्याच्या मनातलं सांगायचं तर 'हादा' (करणं; वाक्यात 'हेयो') जोडून क्रियापद करायचं : 'छिन्गुगा मुसॉवॉहेयो'. मराठी माणसाला हे जड जायचं कारणच नाही. 'मला कुत्रा आवडतो' यात क्रियापदाचा कर्ता कुत्रा, तसंच 'चॉनुन केगा चोआयो' ('के' म्हणजे कुत्रा). पण 'चोआहेयो' म्हटलं की कुत्रा कर्म होतो, 'केरुल' म्हणावं लागतं. तरी 'केगा चोआहेयो' सर्रास कानावर पडतं. ते 'कुत्र्याला आवडतं' असं होतं हो!

त्याहून संताप येतो तो 'हादा लावलं की तसं नुसतं दाखवतो' या शिकवणीचा. साफ चूक. 'मला कुत्र्यांची भीती वाटते' हा स्वतःचा कायमचा स्वभाव सांगताना कोरियन माणूस 'चॉनुन केरुल मुसॉवॉहेयो' असं बिनदिक्कत म्हणतो. तो काय घाबरल्याचं सोंग करतोय? सोंगासाठी 'छॉक हादा' ही वेगळी रचना आहे. जपानीतल्या 'गारु' या प्रत्ययात बाहेर दिसणाऱ्या लक्षणांवर भर असतो. माझा पक्का संशय आहे की तिथली समजूत इथे चिकटवली गेली.

खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. 'सुल्फुदा' म्हणजे दुःखी असणं. हे विशेषण 'सुल्था', दुःख करणं, या जुन्या क्रियापदाला 'बु' प्रत्यय लागून झालं. धातूच्या शेवटचा ह् आणि प्रत्ययातला ब् एकत्र येऊन फ् झाला. 'वाक् + हरि = वाग्घरि' पाठ केलेल्यांना ह् शेजारच्या व्यंजनाला कसा महाप्राण करतो हे सांगायला नको. 'आल्था' म्हणजे आजारी असणं, त्यातून 'आफुदा', दुखणं. 'कोल्था' म्हणजे उपाशी राहणं, त्यातून 'कोफुदा'. 'पेगोफायो', भूक लागलीय, हे त्यातलंच. या दोघांतला ल् कुठे गेला? हांगुल लिपी 1443 मध्ये तयार झाली, 1446 मध्ये जाहीर झाली. त्या शतकातल्या ग्रंथांत 'आल्फ-', 'कोल्फ-' असा तो चक्क लिहिलेला आहे. पुढे तिथे गळला, 'सुल्फुदा'त मात्र टिकला.

म्हणजे बघा : 'सुल्था' हे क्रियापद, त्याचं 'सुल्फुदा' हे विशेषण, त्याचं पुन्हा 'सुल्फॉहादा' हे क्रियापद! मूळ 'सुल्था' वापरातून गेलं आणि दुसऱ्याचं दुःख सांगायला भाषेने नवं क्रियापद घडवलं. माझ्या मते 'हादा'चं खरं काम हेच : विशेषणात मिटलेली भावना पुन्हा कुणीतरी करण्याची गोष्ट होते. म्हणूनच ती दुसऱ्याबद्दल सांगता येते, आणि स्वभाव म्हणून स्वतःबद्दलही.

'मग छिन्गुगा आफायो कसं चालतं?' असं कुणी विचारेलच. तिथे 'आफुदा' म्हणजे आजारी असणं, आणि मैत्रीण आजारी आहे हे बाहेरूनही कळतं. ती वेदनेने कळवळतेय असं म्हणायचं असेल तर तिथेही 'आफाहेयो'च हवं.