फेटाळली, धुडकावली की आणखी काही?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठावर मराठीत लेख लिहायचा आहे. त्यातलं एक वाक्य, 'नोटर डेम फुटबॉल कार्यक्रमाने १९२५ नंतर अनेक वर्षे पोस्टसीझन खेळांची निमंत्रणे फेटाळली.' इथे 'फेटाळली' चालेल, की 'धुडकावली' किंवा 'नाकारली' जास्त बरं?

तिन्ही क्रियापदं चांगली आहेत, पण या जागी तिन्ही अडतात. नेमकं काय घडलं ते पाहिलं की का अडतात ते कळेल.

१ जानेवारी १९२५ ला कॅलिफोर्नियात, पॅसाडीनाच्या 'रोझ बोल' या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात नोटर डेमने स्टॅनफर्डला २७-१० असं हरवलं. प्रशिक्षक होते नूट रॉकनी. त्यानंतर विद्यापीठाने असे सामने, म्हणजे हंगाम संपल्यावर निमंत्रणावरून खेळायचे 'बोल सामने', बंदच केले. संघ इंडियानातला, प्रवास रेल्वेचा. नेहमीचा हंगाम संपल्यावरही सराव नि दौरे चालू राहिले तर पोरांचा अभ्यास बुडतो आणि परीक्षांवर पाणी पडतं, असं विद्यापीठाचं म्हणणं. पुढचा बोल सामना ते खेळले १ जानेवारी १९७० ला, म्हणजे बरोबर ४५ वर्षांनी. टेक्सासविरुद्धचा हा 'कॉटन बोल' ते २१-१७ असे हरले.

आता क्रियापदं. 'फेटाळणं' हे वरच्याने खालच्याचं फेटाळणं असतं. कोर्ट जामीन फेटाळतं, मंत्री मागणी फेटाळतात, सभा ठराव फेटाळते. निमंत्रण म्हणजे काही अर्ज नव्हे. 'धुडकावणं' यात राग आहे, समोरच्याचा थोडा अपमानही आहे. नोटर डेमचा कुणावर राग नव्हता. 'नाकारणं' त्यातल्या त्यात निरुपद्रवी, पण ती एकेका वेळची कृती. पत्र आलं, विचार केला, नको म्हटलं. इथे दरवर्षी नव्याने विचार होतच नव्हता, नियमच ठरून गेला होता. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणारा माणूस भजी 'फेटाळत' नाही. त्याला ती वर्ज्य असतात. नोटर डेमला बोल सामने वर्ज्य होते. नाहीतर सरळ रीती भूतकाळ वापरा: 'संघ बोल सामन्यांना जात नसे.' साडेचार दशकांचा शिरस्ता त्या एका 'नसे'त मावतो.

बाकीची क्रियापदं वाया जात नाहीत, त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. १९६१ साली ओहायो स्टेटला रोझ बोलला जाण्याची संधी होती. प्रशिक्षक वुडी हेज यांचा संघ तयारच होता. पण विद्यापीठाच्या प्राध्यापक परिषदेत मतदान झालं आणि २८ विरुद्ध २५ मतांनी जाणं रद्द झालं. आपलं विद्यापीठ फुटबॉलचा कारखाना म्हणून ओळखलं जाऊ नये, असं त्या २८ जणांना वाटत होतं. विद्यार्थी चिडून रस्त्यावर उतरले. इथे 'प्रस्ताव फेटाळला' अगदी चपखल, कारण सभा आहे, मतं आहेत, प्रस्ताव आहे.

आणि 'धुडकावणं' हवं असेल तर १९५८ चं बफेलो विद्यापीठ बघा. फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या 'टँजरिन बोल'चं बोलावणं आलं होतं. पण मैदान ज्यांच्या ताब्यात होतं त्या स्थानिक शालेय संघटनेचा नियम असा, की गोरे आणि काळे खेळाडू एका सामन्यात उतरणार नाहीत. बफेलोच्या संघात दोन काळे खेळाडू होते, विली इव्हान्स आणि माइक विल्सन. त्यांना घरी ठेवून बाकीच्यांनी जायचं का, असा प्रश्न संघापुढे आला आणि खेळाडूंनी एकमताने नाही म्हटलं. हे 'साभार नकार' प्रकरण नव्हे. अट धुडकावली असंच लिहायला हवं, त्याहून मवाळ लिहिलं तर त्या पोरांवर अन्याय होईल. पुढे बफेलोला पहिला बोल सामना खेळायला मिळाला तो थेट जानेवारी २००९ मध्ये.

नोटर डेमला हे व्रत इतकी वर्षं परवडलं कसं, तेही लेखात यावं. देशातला अव्वल संघ ठरवणारी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शेवटची क्रमवारी तेव्हा बहुधा बोल सामन्यांच्या आधीच लागायची. १९६६ मध्ये मिशिगन स्टेटशी १०-१० अशी बरोबरी करून, एकही बोल सामना न खेळता ते अव्वल राहिले. अलाबामा त्या मोसमात एकही सामना न हरता तिसरा. (अलाबामातले लोक हे अजून विसरलेले नाहीत.) १९६८ पासून क्रमवारी बोल सामन्यांनंतर लागू लागली, आणि वर्षभरात नोटर डेमचं धोरण बदललं. बोल सामन्यांतून मिळणारा पैसा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी वापरायचा, असंही तेव्हा सांगितलं गेलं. दोन्ही कारणं खरी असतील. मला पहिलं जास्त वजनदार वाटतं.

तुमच्या वाक्यात आणखी दोन खडे आहेत. 'फुटबॉल कार्यक्रम' म्हटलं की मराठी माणसाला मांडव आणि माईक दिसतो, तिथे 'संघ' पुरे. 'पोस्टसीझन खेळ'ऐवजी 'हंगामानंतरचे सामने'. 'हंगामोत्तर'ही चालेल, फारसी शब्दाला संस्कृत 'उत्तर' जोडलं म्हणून नाक मुरडणारे मुरडोत. 'बोल' मात्र एकटा सोडू नका, नाहीतर वाचक 'बोल लावणं' समजेल. आधी 'रोझ बोल' असं पूर्ण नाव द्या आणि हा शब्द वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियमवरून आला हे अर्ध्या ओळीत सांगा.

तर वाक्य असं करता येईल: 'अभ्यास बुडतो म्हणून नोटर डेमचा संघ १९२५ नंतर हंगामानंतरच्या बोल सामन्यांना जात नसे, हा शिरस्ता १९७० च्या कॉटन बोलने मोडला.'