फायबरच्या गाड्या : बॉनेटखालचा ब्रेस सुटला की

फायबरग्लासच्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांची या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत: बॉनेटच्या आतली मजबुतीची फ्रेम, म्हणजे ब्रेस, वरच्या पत्र्यापासून सुटणं. (फायबरच्या थरालाही आपण सवयीने पत्राच म्हणतो, मीही इथे तेच म्हणणार आहे. अमेरिकेतले वाचक बॉनेटलाच हूड म्हणतात.)

माझी 1974 ची शेव्हरोले कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार ताशी साठ मैलांपुढे नेली की हूड थरथरतं. उघडून पाहिलं तर आतली फ्रेम डावीकडे हाताने हलते. नवं हूड घ्यावं का? — एक वाचक, न्यू जर्सी

घेऊ नका. तुमचं हूड फुटलेलं नाही, फक्त सांधा सुटला आहे. 1953 साली पहिल्या 300 कॉर्व्हेट अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात बनल्या, तेव्हापासून या गाडीची बॉडी फायबरची आहे. तुमच्या मॉडेलचं हूड दोन तुकड्यांचं असतं: वर जेमतेम तीन मिलिमीटरचा पत्रा आणि खाली त्याला चिकटवलेली फ्रेम. इंजिनची उष्णता, धक्के आणि हूड दणकन आपटणं हे सगळं पन्नास वर्षं सोसून कारखान्यातलं चिकटण कडक होतं आणि तडकतं. मग वेगात वरून जाणारी हवा पत्र्याला वर ओढते आणि त्याला खाली धरून ठेवायला कोणी उरत नाही.

आधी सांधा कुठपर्यंत सुटलाय ते शोधा. क्वार्टरच्या (25 सेंटच्या) नाण्याची कड फ्रेमवर दोन-दोन इंचांवर टकटकवत जा. चिकटलेल्या जागी टणक आवाज येतो, सुटलेल्या जागी भद्द. पेन्सिलने खुणा करा. जो भाग अजून घट्ट आहे तो पाना घालून उचकटू नका. तिथे पत्रा तडकेल आणि काम दुप्पट होईल.

आता सफाई, आणि खरं काम हेच. सुटलेल्या फटीत लाकडी पाचर हलकेच सरकवा. आधी ग्रीस काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसा आणि घासायचं काम त्यानंतर करा. हा क्रम उलटा झाला तर पॉलिश पेपर इंजिनचं तेल फायबरमध्ये घासून बसवतो आणि तिथे काहीच धरत नाही. हॅक्सॉचं पातं कापडात धरून जुनं चिकटण खरवडा, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर पातळ पट्टीला गुंडाळून दोन्ही बाजू चमक जाईपर्यंत घासा. धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि शेवटी अॅसिटोनने पुसा. कापड पांढरं निघेपर्यंत पुसत राहायचं. अॅसिटोनचा थेंबही रंगावर पडू देऊ नका.

पुढची गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे आकार. हूड काढून जमिनीवर पालथं घातलं की ते मधल्या फुगवट्यावर टेकतं आणि कोपरे लोंबतात. त्या अवस्थेत चिकटवलंत तर तो बाक कायमचा पक्का होतो आणि गाडीवर बसवल्यावर एक कोपरा वर राहतो. म्हणून हूड गाडीवरच असताना हूड आणि बॉडीमधल्या फटी नीट जुळवा आणि त्यावर आडवा पुठ्ठा धरून दोन ठिकाणचा बाक कापून घ्या. त्याच मापाच्या प्लायवूडच्या दोन कमानी करा, कडांना जाड फेल्ट लावा आणि पालथं हूड त्यांवर ठेवा. एक शनिवार जातो त्यात. माझ्या मते तो घालवायलाच हवा.

चिकटवल्यावर दाब बेताचा हवा. काही वर्षांपूर्वी मी एका काळ्या 1977 च्या गाडीला चांगले बारा क्लॅम्प आवळले. रंग झाला, गाडी सुंदर दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या तिरप्या उन्हात बाहेर काढली तर वरच्या काळ्या रंगावर खालच्या फ्रेमची अख्खी आकृती उमटलेली. क्लॅम्पनी पत्रा फ्रेमकडे ओढला होता, शिवाय सांध्यातलं चिकटणही पिळून बाहेर आलं होतं. मालकाचा चेहरा अजून आठवतो. ते हूड मी पुन्हा उघडून केलं. तेव्हापासून क्लॅम्प बाजूला ठेवून वाळूच्या छोट्या पिशव्या वापरतो आणि सांध्यात साधारण एक मिलिमीटर जाडी राहील एवढाच भार देतो. पिशव्यांखाली मेणकागद घाला, नाहीतर त्याही चिकटतील.

ब्रेस चिकटवायला बॉडी-शॉपवाले म्हणतात साधं पॉलिएस्टर रेझिन पुरेल. मित्र इपॉक्सी सांगतो. कॉर्व्हेट 1978 ची. — टेक्सास

मित्राचं ऐका. 1970 च्या दशकात कॉर्व्हेटचे पॅनेल एसएमसीचे (शीट मोल्डिंग कंपाउंडचे) होऊ लागले. या प्रकारात रेझिन आणि काचतंतूंचा तयार थर गरम साच्यात दाबतात आणि तुकडा साच्यातून सुटावा म्हणून मिश्रणातच साबणासारखा पदार्थ घालतात. पॉलिएस्टरला तिथे भक्कम पकड मिळत नाही. एसएमसीसाठीचं दोन भागांचं चिकटण किंवा चांगलं इपॉक्सी वापरा. जुन्या हूडवरही मी इपॉक्सीच लावतो, कारण सुकून गेलेल्या फायबरला पॉलिएस्टरपेक्षा ते जास्त घट्ट धरतं. फक्त त्यावर नंतर पॉलिएस्टरचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, चढवू नका, तो नीट वाळत नाही. आणि हिवाळ्यात थंडगार गॅरेजमध्ये हे काम करू नका. वीस-पंचवीस अंश सेल्सिअस तापमान असू द्या आणि रात्रभर हात लावू नका.

माझ्याकडे वडिलांची सिपानी डॉल्फिन आहे. बॉनेटखालची पट्टी सुटली आहे. गॅरेजवाला चार पॉप रिव्हेट मारून देतो म्हणतो. एम-सील भरलं तर? — पुणे

वडिलांची गाडी जपताय, फार बरं वाटलं. बंगळुरूची ही फायबरची छोटी गाडी ब्रिटिश रिलायंट किटनवरून घेतलेली, 848 सीसी इंजिनची. आता ती सहजी दिसत नाही, तेव्हा तिच्या बॉनेटला भोकं पाडू देऊ नका. रिव्हेट सगळा ताण एका टिंबावर आणतो आणि काही महिन्यांत भोकाभोवती चांदणीसारख्या चिरा निघतात. चिकटवलेला सांधा तोच ताण हातभर लांबीवर पसरवतो. एम-सील खाच भरायला चांगलं, पण लांब पट्टीचा भार पेलणं हे त्याचं काम नाही.

पट्टीच तुटली असेल तर रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या मॅटचे दोन-तीन थर द्यावे लागतील. ते पावसाळ्यात नको. आपल्याकडे जुलैत मॅट दमट होते, रेझिन तिच्यात मुरत नाही आणि थर पांढुरका राहतो. दिवाळीनंतर करा. घाई असेलच तर मॅट आदल्या दिवशी कडक उन्हात, नाहीतर बल्बच्या उबेत वाळवून घ्या. हार्डनर मोजूनच घाला आणि ते ओतताना गॉगल काढू नका. पॉलिएस्टरचं हार्डनर डोळ्यात गेलं तर कायमची इजा होऊ शकते.

घासल्यावर दोन दिवस अंग खाजतं. उपाय? — नाशिक

पूर्ण बाह्या, रेस्पिरेटर, आणि काम झाल्यावर आधी गार पाण्याने अंघोळ. ते कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका.

तीन वर्षांपूर्वी व्यवस्थित चिकटवलेला ब्रेस त्याच कोपऱ्यात पुन्हा सुटला. 1971 ची कॉर्व्हेट. चिकटण खराब होतं का? — ओहायो

त्याच कोपऱ्यात सुटला ना? मग चिकटणाला दोष देण्याआधी लॅच, म्हणजे हूड बंद धरणारा खटका, बघा. या गाडीचं हूड पुढच्या टोकाला बिजागऱ्यांवर असतं आणि मागे, काचेजवळ, दोन बाजूंना दोन लॅच. त्यातलं एक नीट बसत नसेल तर वाऱ्याचा आणि धक्क्यांचा सगळा जोर दुसऱ्या कोपऱ्यावर येतो, किंवा बंद करताना दरवेळी एका बाजूला जास्त दाबावं लागतं. लॅचच्या तोंडाला थोडा खडू लावून हूड बंद करा, उघडा आणि पिनवर ठसा कुठे पडला ते पाहा. तो मधोमध यायला हवा. नसेल तर बोल्ट सैल करून लॅच सरकवा, केबलला तेल द्या, कडेचे रबरी बफर झिजले असतील तर बदला. हे सगळं जुळल्यावरच सांधा पुन्हा उघडा. आणि बंद करताना मधोमध तळहात मारू नका. दोन्ही हात दोन्ही लॅचच्या वर ठेवून एकदम दाबा, दोन्हीकडून खट्ट ऐकू आलं पाहिजे.