‘एडीएचडी आहे, गाडी द्यावी का?’

मुलाने स्कूटरची चावी मागितली की पोटात गोळा येतो, असं सल्ल्याला आलेली आई म्हणाली. बाबांचं मत त्याहून सरळ होतं: गाडी नाहीच, पीएमटीच्या बसने जा. मुलाला नुकतीच अठरा पूर्ण झालेली, सहावीत असताना एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाण्याचं) निदान, त्यासाठी रोज सकाळी मिथाइलफेनिडेट या औषधाची गोळी, कॉलेज घरापासून नऊ किलोमीटर. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलाशी एकट्याशी बोलणं झालं तेव्हा कळलं की मित्राची स्कूटर त्याने आधीच चालवली होती आणि दोनदा पडलाही होता. एकदा सिग्नलला पुढच्या रिक्षावर आदळून, एकदा साइड स्टँड वर न घेताच निघाला म्हणून. थोडक्यात, ‘द्यावी का’ हा प्रश्न घरात चालू होता तोवर उत्तर रस्त्यावर देऊन झालं होतं.

आईबाबांची भीती खोटी नाही. नव्याने लायसन्स मिळालेल्या तरुणांचा न्यू जर्सीत झालेला एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एडीएचडी असलेल्यांना अपघाताचा धोका इतरांपेक्षा 36 टक्के जास्त आढळला. आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण चावी जन्मभर कुलपात ठेवावी असाही नाही.

दोन्ही पडण्यांत एक गोष्ट सारखी होती. स्टँड वर घ्यायचा असतो हे त्याला माहीत होतं, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं असतं हेही. लेखी परीक्षेत त्याने सगळं बरोबर लिहिलं असतं. नियम माहीत नसणं वेगळं आणि नियम नेमक्या क्षणी न आठवणं वेगळं; एडीएचडी असलेल्या मुलांची अडचण ही दुसऱ्या प्रकारची असते. म्हणून ‘किती वेळा सांगितलं तुला’ हे वाक्य इथे काहीच काम करत नाही. नियम डोक्यातून काढून बाहेर ठेवावा लागतो: हातात, जिभेवर, घड्याळात.

घरात चावी हेल्मेटच्या आत ठेवायची, म्हणजे हेल्मेट उचलल्याशिवाय चावी हाती येत नाही. मोबाइल सायलेंटवर टाकून डिकीत, आणि डिकी बंद झाल्यावरच गाडी सुरू. सीटवर बसल्यावर डाव्या टाचेने स्टँड मागे ढकलायचा आणि तोंडाने मोठ्याने म्हणायचं, ‘स्टँड, आरसा, मागे.’ स्टँड खाली राहिला की डावीकडे वळताना गाडी कलते, स्टँड रस्त्याला टेकतो आणि गाडी उडते. तो असाच पडला होता. स्टँड खाली असेल तर इंजिन सुरूच होत नाही अशी सोय बऱ्याच नव्या स्कूटरमध्ये असते. गाडी घ्यायचीच असेल तर रंगाआधी ही सोय बघावी.

इंडिकेटरचं दुखणं निराळं. कारमध्ये वळण संपलं की तो आपोआप बंद होतो, बहुतेक स्कूटरना ते जमत नाही. वळून झालं की या मुलाचं लक्ष पुढच्या गोष्टीवर गेलेलं असायचं आणि उजवा दिवा अर्धा किलोमीटर लुकलुकत राहायचा. मागच्याला वाटणार हा वळणार, तो डावीकडून घुसणार. इथेही तोडगा जिभेचाच: वळण पुरं झालं की ‘बंद’ म्हणायचं आणि अंगठ्याने बटण दाबायचं. पहिले दोन आठवडे त्याला याची लाज वाटली. हेल्मेटच्या आत कोण ऐकतंय, एवढंच त्याला सांगितलं.

सराव मैदानात सुरू झाला. रविवारी सकाळी साडेसहा, वीस मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नाही. चांगलं जमतंय म्हणून तासभर चालवू देणं ही पालकांची नेहमीची चूक. शेवटच्या चाळीस मिनिटांत मूल थकून चुका पाठ करत असतं. पहिले दोन रविवार फक्त चालण्याच्या वेगाने इंग्रजी आठाचा आकडा. मग खडूने रेघ मारून ब्रेक: आधी 20 च्या वेगाने, मग 30 च्या, दोन्ही ब्रेक एकत्र, चाक रेघेच्या अलीकडे थांबलं पाहिजे. ओळीने दहापैकी नऊ वेळा थांबलं तरच पुढची पायरी. बाबांना हे फार संथ वाटलं.

रस्त्यावर मागे बाबा बसले आणि खरी अडचण तिथे निघाली. ‘अरे अरे, ब्रेक, बस बघ, किती फास्ट!’ प्रत्येक ओरडण्याला मुलगा दचकून ब्रेकचा लिव्हर आवळायचा. ज्याचं लक्ष आधीच चार ठिकाणी पळतं त्याला पाचवं ठिकाण मागच्या सीटवरून मिळत होतं. मग बाबांना तीनच शब्द दिले: ‘हळू’, ‘थांब’, ‘आरसा’. बाकी सगळं गाडी लावल्यावर, चहाच्या टपरीवर, आणि तेही एका दिवशी एकच चूक. मागे बसणाऱ्याऐवजी मुलानेच बोलायचं: ‘पुढे रिक्षा, थांबेल. डावीकडे बस, माणसं उतरतील.’ बोलणं तुटलं की लक्ष सुटलं, हे बाबांना मागे बसून कळतं.

लक्ष सुटतं ते गर्दीत नव्हे. गर्दीत तो नीट चालवायचा. रोजचा, मोकळा, कंटाळवाणा रस्ता आला की नजर मैदानातल्या क्रिकेटकडे. ताशी 40 च्या वेगात 2 सेकंदांत गाडी 22 मीटर जाते, म्हणजे जवळजवळ दोन बस एकामागे एक उभ्या केल्या इतकं अंतर न बघता. अमेरिकेत 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एडीएचडी असलेल्या किशोरांना सिम्युलेटरवर (म्हणजे पडद्यावरच्या नकली गाडीवर) रस्त्यावरून 2 सेकंदांपेक्षा जास्त नजर न हटवण्याचा सराव दिला, मग वर्षभर त्यांच्या कारमध्ये कॅमेरे ठेवले. टक्कर किंवा थोडक्यात टळलेली टक्कर यांचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी निघालं. आपल्याकडे सिम्युलेटर नसला तरी हरकत नाही. बाबांच्या मागे बसून ‘एक हजार एक, एक हजार दोन’ मोजत बाजूला बघायचं आणि नजर परत आणायची, एवढ्यावर सुरुवात होते.

निघण्याची वेळ मात्र कुठल्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत नाहीत. रिक्षावर आदळला त्या दिवशी त्याला पंधरा मिनिटं उशीर झाला होता आणि पिवळा दिवा सुटू द्यायचा नव्हता. या मुलांना ‘अजून वेळ आहे’ आणि ‘उशीर झाला’ यांच्या मधलं काही जाणवतच नाही. म्हणून दोन गजर लागले: एक बूट घालण्याचा, एक निघण्याचा. दुसरा वाजून दहा मिनिटं गेली तर गाडी नाही, त्या दिवशी पीएमटी.

औषधाचं वेळापत्रकही गाडीला जोडावं लागलं. त्याची गोळी कमी वेळ टिकणारी, असर तीन-चार तास. संध्याकाळचा क्लास साडेआठला सुटायचा, तेव्हा अंगात औषध नाही, वर अंधार आणि थकवा. वेळ किंवा प्रकार बदलायचा का हे मानसोपचारतज्ज्ञांनी ठरवायचं, घरी गोळी मागेपुढे करायची नाही. ते ठरेपर्यंत क्लासला बाबा सोडायचे. गोळी चुकली किंवा डोस नवा असेल, त्या दिवशीही चावी हेल्मेटमध्येच.

हे सगळं एका कागदावर लिहून तिघांनी सह्या केल्या. सहा महिने मागे मित्र नाही, पहिल्या पावसात नाही, रात्री नाही. मोबाइल हातात दिसला तर चावी तीन दिवस जमा. बाबांना महिनाभर हवी होती. महिन्याची शिक्षा मुलगा चौथ्या दिवशी विसरतो, राग तेवढा शिल्लक राहतो. लहान आणि ताबडतोब असलेलीच लागू पडते.

सोळाव्या वर्षीच शिकवलं असतं तर, असं आईने विचारलं होतं. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती पालकांच्या संमतीने, 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला. शोरूममधली नेहमीची 110 सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, आणि मुलाला वयाची 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. पक्कं 30 दिवसांनी काढता येतं म्हणून काहीजण एकतिसाव्या दिवशीच धावतात. या मुलाने पाचव्या महिन्यात काढलं.

इंडिकेटर अजून अधूनमधून राहतो. सहा महिने झाल्यावर मागे पहिल्यांदा कोणाला बसवायचं ते त्यानेच ठरवलं: वर्गातला सगळ्यात कमी बोलणारा मुलगा.