कांद्याची कंपनी दुबईत काढायची असेल तर

तुमचा प्रश्न मी असा समजलो: पिंपळगाव बसवंतला घरचा कांदा-द्राक्ष निर्यातीचा धंदा आहे. तिकडचं धाकटा भाऊ बघेल आणि तुम्ही कुटुंबासह दुबईला येऊन ट्रेडिंग कंपनी काढाल. फ्री झोन (वेगळ्या नियमांचं खास व्यापारक्षेत्र) घ्यावा की मेनलँड (त्याबाहेरचं, स्थानिक बाजारासाठीचं लायसन्स), भारतात निर्यातबंदी आली तर इथे आधीच आणून ठेवलेला माल पुढच्या देशांना विकता येईल का, आणि 'तिथे टॅक्स नाही, कटकट नाही' हे कितपत खरं, हे तुम्हाला हवंय.

मी इथे बऱ्याच वर्षांपासून भाजीपाल्याच्या व्यापारात आहे. लायसन्सची फार चिंता करू नका, तो सगळ्यात सोपा भाग आहे. एजंट लोक त्याच्याभोवतीच नाचतात, कारण त्यांचं कमिशन त्यातच असतं. पूर्वी मेनलँडवर 51 टक्के भाग स्थानिक माणसाच्या नावावर ठेवावा लागायचा. 1 जून 2021 पासून बहुतेक व्यापारी कामांना ती अट राहिलेली नाही. तुमचा माल अल अवीरच्या, म्हणजे दुबईच्या घाऊक भाजीबाजारात आणि सुपरमार्केटांत जाणार असेल तर मेनलँडच बघा. फ्री झोनमधून स्थानिक विक्री करायला 2025 पर्यंत सहसा मध्ये आणखी एक माणूस घ्यावा लागायचा आणि कांद्यात तेवढी मार्जिन नसते.

खरी जोखीम दुबईत नाही, दिल्लीत आहे. तुम्ही नाशिकचे, तुम्हाला हे नवीन नाही, पण इथे बसून ते कसं दिसतं ते सांगतो. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यातशुल्क आलं. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरची किमान निर्यात किंमत लागली. 8 डिसेंबरपासून सरळ बंदी. ती 31 मार्च 2024 पर्यंत म्हणून आली होती, मार्चमध्ये पुढे ढकलली आणि 4 मे ला, लोकसभेचं मतदान चालू असताना उठवली, तीही 550 डॉलरची किमान किंमत आणि 40 टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात किमान किंमत गेली, शुल्क 20 वर आलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही गेलं. दीड-पावणेदोन वर्षांत इतक्या वेळा नियम बदलले. लासलगावला लिलाव बंद पडले ते तुम्ही पाहिलंत. इथे झालं असं की आमच्या गिऱ्हाइकांनी एका आठवड्यात पाकिस्तान आणि तुर्कस्तानचा कांदा धरला. त्या कांद्याला आपल्यासारखा तिखटपणा नाही, पण हॉटेलवाल्याला भाजी चढवायची असते, तो थांबत नाही. बंदी उठल्यावर त्यातले काही परत आले, काही आलेच नाहीत.

त्यातही एक बारकावा आहे. बंदी असताना यूएईला भारतीय कांदा अगदीच येत नव्हता असं नाही. 1 मार्च 2024 ला सरकारने यूएईसाठी 14,400 टनांना परवानगी दिली, तिमाहीला 3,600 टनांची मर्यादा घालून. पण तो माल नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स या सहकारी संस्थेमार्फतच पाठवायचा होता. दोन देशांचे संबंध चांगले असले की असा कोटा मिळतो. तुमच्या-माझ्यासारख्या खासगी व्यापाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काही येईलच असं नाही. 'भारत-यूएई करार झालाय, आता काय प्रॉब्लेम' असं कुणी म्हणालं तर हे आठवा. मे 2022 पासून लागू झालेल्या त्या व्यापार कराराने आयातशुल्क कमी झालं. आपलंच सरकार माल बाहेर सोडेल की नाही, याची हमी त्यात नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, इथे साठा करून पुढे पाठवण्याचा. ही कल्पना तुमच्या आधी पुष्कळांना सुचलेली आहे आणि सरकारांनाही माहीत आहे. 13 मे 2022 ला भारताने गहू बंद केला. पुढच्याच महिन्यात यूएईने भारतीय गहू आणि पिठाची इथून होणारी निर्यात-पुनर्निर्यात 4 महिन्यांसाठी थांबवली. 13 मे च्या आधी आलेला माल पाठवायचा तर कागदपत्रं दाखवून परवानगी घ्यावी लागत होती. 20 जुलै 2023 ला भारताने बिगर-बासमती पांढरा तांदूळ बंद केला, तेव्हा आठवड्याभरात इथे तांदळाच्याही पुनर्निर्यातीवर 4 महिन्यांची बंदी आली. हिशोब सरळ आहे: भारत अडचणीतही इथल्या लोकांसाठी धान्य देतो, मग तेच धान्य इथून तिसरीकडे गेलं तर दिल्लीला काय वाटेल? कांद्याच्या बाबतीत असं उद्या होणार नाही, असं मानून गोदाम घेऊ नका. शिवाय कांदा म्हणजे तांदूळ नाही. जुलैच्या उन्हात रीफरची (थंड कंटेनरची) वीज गेली की सगळा हिशोब नाल्यात.

शेजारच्या देशांचं राजकारणही असंच. 5 जून 2017 ला सौदी, यूएई, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले, तेही रमजानमध्ये. दुबईच्या जेबेल अली बंदराहून दोह्याला, म्हणजे कतारला, जाणारा माल थांबला. ज्यांचा निम्मा धंदा दोह्याचा होता त्यांनी ओमानच्या सोहारमार्गे वाट काढली, भाडं वाढलं, काहींनी तो बाजार सोडला. जानेवारी 2021 मध्ये ते भांडण मिटेपर्यंत कतारने स्वतःच्या हमाद बंदरावर सगळं बसवून घेतलं होतं. म्हणून एका देशाच्या गिऱ्हाइकावर धंदा उभा करू नका, मग ते कितीही रोकडा देवो.

करारात काय लिहायचं हे विचारलं नाहीत, तरी सांगतो. आपल्याकडचे बरेच निर्यातदार व्हॉट्सअॅपवर भाव ठरवतात आणि कंटेनर भरतात. लेखी करारात 'निर्यातबंदी, किमान किंमत किंवा शुल्कात बदल झाल्यास' काय होईल हे स्पष्ट असू द्या: माल रद्द, की वाढीव शुल्क खरेदीदार सोसणार, की अर्धं-अर्धं. शुल्क निर्यातदाराकडून भारतात वसूल होतं, त्यामुळे कराराने वाचवलं नाही तर ते तुमच्या भावाच्याच खिशातून जाईल. दुसरं, बंदीच्या अधिसूचनेत बहुधा सूट असते: लोडिंग सुरू झालेलं असेल, शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमकडचा कागद) दाखल होऊन जहाज बंदराला लागलेलं असेल, किंवा माल कस्टमच्या ताब्यात गेलेला असेल, तर तो जाऊ शकतो. डिसेंबर 2023 मध्ये न्हावा शेव्याला एकाच दिवशी निघालेल्या कंटेनरांपैकी काही गेले आणि काही अडकले, ते एवढ्यावरच. कस्टम हाउस एजंट कागद आज टाकतो की उद्या, हे तुमच्या भावाने रोज बघायला हवं.

आता पैशाची गोष्ट. अल अवीरला पहाटे माल उतरतो, नमुन्याची गोणी फोडून दाखवतात, भाव बोलला जातो, थोडी रोकड आणि बाकी 60 किंवा 90 दिवसांचा चेक. पूर्वी चेक वटला नाही तर सरळ पोलीस केस व्हायची आणि त्या भीतीवर सगळी उधारी चालायची. 2 जानेवारी 2022 पासून खात्यात पैसे नसल्याने परत आलेल्या चेकसाठी सहसा तुरुंग नाही. बँक असेल तेवढी रक्कम देते आणि बाकीसाठी तुम्ही थेट वसुलीच्या कोर्टात जाता. मुद्दाम खातं बंद केलं किंवा चुकीची सही केली तर अजूनही गुन्हा आहे. थोडक्यात, 'चेक आहे ना' म्हणून उधारी वाढवू नका. कंपनी रिकामी करून गावाकडे पळालेल्याच्या मागे वसुली कोर्टाचा कागद फार लांब जात नाही.

बँक खातं उघडायला मात्र लायसन्सपेक्षा जास्त वेळ धरा. यूएई मार्च 2022 ते फेब्रुवारी 2024 आंतरराष्ट्रीय काळा पैसा विरोधी संघटनेच्या (एफएटीएफच्या) करड्या यादीत, म्हणजे जास्त नजर ठेवलेल्या देशांत, होतं. तेव्हा आलेला कडकपणा यादीतून नाव निघाल्यावरही गेला नाही. मालक खरा कोण, पैसा कुठून आला, गिऱ्हाईक कोण, त्याचा माल शेवटी कुठे जातो, सगळं विचारतात. दुबईच्या खाडीवर इराणला जाणाऱ्या लाकडी बोटी तुम्हाला दिसतील आणि कुणीतरी सांगेल की कांदा तिकडे दीडपट भावाने जातो. अन्नधान्यावर अमेरिकेची बंदी नाही हे खरं. पण खरेदीदार, त्याची बँक किंवा जहाज अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत निघालं तर तुमची इथली बँक कारण न सांगता खातं बंद करू शकते, कारण तिला डॉलरचे व्यवहार न्यूयॉर्कमधून करायचे असतात. मी त्या वाटेला जात नाही.

तसंच 'अमेरिकेला दुबईमार्गे' हे. 2025 च्या ऑगस्टअखेर अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर 50 टक्क्यांपर्यंत शुल्क नेलं तेव्हा यूएईवर 10 टक्के होतं. लगेच हळद, बेदाणा इथे आणून पाकीट बदलण्याच्या योजना फिरू लागल्या. पाकीट बदलून मालाचं मूळ बदलत नाही. सांगलीची हळद सांगलीचीच राहते, आणि असा माल सापडला तर वेगळं 40 टक्के दंडात्मक शुल्क त्यांनी जाहीरच केलं होतं.

सगळ्यात जपायची जागा तुमच्या घरातच आहे: भाऊ पिंपळगावला विकणार, तुम्ही दुबईत घेणार. 40 टक्के शुल्क असताना बिल कमी दाखवायचं आणि फरक हवालाने परत न्यायचा, हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. इथे मध्यवर्ती बँकेकडे नोंदणी केलेला हवाला कायदेशीर आहे, म्हणून लोकांना वाटतं की सगळंच चालतं. तोच पैसा भारतात पोचला की फेमाचं, म्हणजे परकीय चलन कायद्याचं, उल्लंघन. भारताच्या करकायद्यात आणि इथल्याही, नातेवाइकांच्या कंपन्यांतला भाव बाजारभावाशी ताडून बघतात. रोजचा लासलगावचा भाव, अवीरचा भाव आणि तुमचं बिल, तिन्ही एका फाइलमध्ये ठेवा.

टॅक्स नाही हेही आता जुनं झालं. 2018 पासून 5 टक्के व्हॅट आहे आणि 1 जून 2023 ला किंवा नंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून 3,75,000 दिरहमच्या वरच्या नफ्यावर 9 टक्के कंपनी कर. फ्री झोनचा शून्य टक्का सरसकट मिळत नाही. भारताकडून, तुमचं भारतातलं उत्पन्न 15 लाखांच्या वर असेल तर वर्षात 120 दिवस किंवा जास्त तिथे राहिलात की करासाठी भारताचे रहिवासी ठरू शकता. द्राक्षाच्या हंगामात तुम्ही गावी जाऊन बसणार हे मला दिसतंय, तेव्हा दिवस मोजा.

'हात ओले' करण्याबद्दल तुम्ही आडून विचारलंत. सरकारी खिडकीवर इथे तसं काही करू नका, प्रयत्नसुद्धा नको. त्रास दुसरीकडून येतो. एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदी मॅनेजरने मला एकदा चहावर बसवून किलोमागे 10 फिल्स (दिरहमचे दहा पैसे) मागितले, कंपनीला न सांगता. इथल्या कायद्यात खासगी कंपनीतली अशी लाचही गुन्हा आहे, देणाऱ्याचाही. मी म्हटलं, जी काही लिस्टिंग फी (दुकानात माल ठेवण्याची फी) असेल ती कंपनीच्या नावाने लिहून द्या. त्या साखळीत माझा माल दोन हंगाम गेला नाही. तेवढं नुकसान आधीच हिशोबात धरून या.

येण्याआधी एकदा मार्चमध्ये, उन्हाळ कांदा निघायच्या सुमारास, आठवडाभर येऊन जा. अवीरला चार पहाटा काढा, दोन बँकांत बसा, गाळा घेऊ नका. आणि येताना भावालाही आणा. बँकेतले निम्मे प्रश्न त्याच्याबद्दलच असतील.