गुरं चरतात अशा खाऱ्या दलदलीतल्या झुडपांचा अभ्यास वाढवलयांवरून करता येतो का?

तुम्ही विचारलंय की समुद्रकाठच्या खाऱ्या दलदलीत, जिथे गुरं-मेंढ्या चरतात, तिथल्या बुटक्या झुडपांना झाडांसारखी वलयं असतात का आणि त्यांवरून चराईचा परिणाम कळतो का. वलयं असतात, आणि वयही काढता येतं. चराईचा परिणाम मात्र एकट्या खोडात वाचता येत नाही.

उदाहरण म्हणून नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्कच्या किनाऱ्यालगतचा वाडन समुद्र घ्या. तिथे दोन झुडपं नेहमी भेटतात: राजगिऱ्याच्या कुळातलं ॲट्रिप्लेक्स पोर्तुलाकॉइडेस आणि दवण्याच्या जातीतलं आर्टेमिसिया मॅरिटिमा. पहिल्याचं खोड फसवं असतं. या कुळात एकच कॅम्बियम (खोड जाड करणारा, नव्या पेशी बनवणारा थर) आयुष्यभर काम करत नाही. बाहेरच्या बाजूला नवनवी कॅम्बियमं तयार होतात आणि प्रत्येक आपापल्या जलवाहिन्या-रसवाहिन्यांचा पट्टा मागे ठेवते. त्यामुळे प्रत्येक पट्टा म्हणजे एक वर्ष, असं धरून चालत नाही. मी सुरुवातीला तसंच धरलं होतं. एका नव्याने साचलेल्या गाळावरचं झुडूप मोजलं, तर ते त्या जमिनीपेक्षाही जुनं निघालं! तेव्हापासून ज्यांचं वय आधीच ठाऊक आहे अशी काही रोपं कापून पाहिल्याशिवाय मी मोजणीला हात लावत नाही.

खोड कुठे कापता, यावर खूप अवलंबून आहे. सगळ्यात जुनं वलय मूळ आणि खोड जिथे जुळतात त्या सांध्यात असतं. भरतीबरोबर गाळ येतो, जमीन चढत जाते आणि तो सांधा खाली गाडला जातो. वरची फांदी कापलीत तर वय कमी भरेल. म्हणून झुडूप हळूच खणून काढा. सांध्यापासून वर दर काही सेंटिमीटरवर छेद घ्या, कारण ताणाच्या वर्षी वलय खोडाच्या एकाच बाजूला बनतं किंवा अजिबात बनत नाही. मायक्रोटोमने (अतिशय पातळ काप काढायच्या यंत्राने) काप काढून सॅफ्रानिन या लाल रंगद्रव्याने रंगवले की काष्ठमय पेशीभित्ती लाल दिसतात आणि सीमा ओळखणं सोपं जातं.

या खणण्याचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. सांधा आजच्या जमिनीखाली 6 सेंटिमीटर असेल आणि झुडूप 12 वर्षांचं, तर तिथे वर्षाला सुमारे 5 मिलिमीटर जमीन चढली असा अंदाज निघतो. समुद्राची पातळी वाढत असताना दलदल टिकेल का, हा प्रश्न इथेच येऊन भिडतो. अर्थात जनावरांच्या खुरांनी माती दबते, त्यामुळे चरलेल्या जागी हा आकडा साचलेल्या गाळापेक्षा कमी येऊ शकतो.

आता चराई. अरुंद वलय दिसलं की लोक गुरांना दोष देऊन मोकळे होतात. पण कडक हिवाळा, जास्त काळ साचून राहिलेलं पाणी, कोरडा उन्हाळा, अंगावर साचलेला गाळ, यांनीही वलय अरुंद होतं. ॲट्रिप्लेक्सला तर थंडी आणि तुडवणं, दोन्ही सोसत नाहीत. शिवाय ससे आणि रानहंस कुंपण ओलांडून येतात, मग 'न चरलेला' तुकडाही पूर्ण निर्धोक नसतो. म्हणून एकाच उंचीवरचे, सारखं पाणी चढणारे दोन तुकडे निवडा, एक चरलेला आणि एक कुंपणातला. दोन्हीकडे एकाच वर्षी वलय आकसलं असेल तर ते हवामानाचं काम. फक्त चरलेल्या बाजूला आकसलं, तर गुरांकडे बोट दाखवायला जागा आहे. या वलयांच्या मालिका दहा-पंधरा वर्षांच्याच असतात, त्यामुळे खोडं एकमेकांशी जुळवून वर्षं पक्की करायला भरपूर नमुने लागतात.

माझ्या मते वलयांच्या रुंदीपेक्षा वयांची वाटणी अधिक बोलते. चरलेल्या भागात सगळी झुडपं कोवळीच सापडली, तर रोपं रुजतात पण म्हातारी होत नाहीत. वेगवेगळ्या वयाची सापडली, तर तेवढी चराई त्यांना पेलते. फक्त जिवंत झुडपं मोजू नका. जी मेली तीही उपटून मोजा, नाहीतर फक्त तगलेल्यांचीच कहाणी हाती लागेल.